टाकी गेली, पेट्रोल राहिले

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसला खेटून, समुद्रकाठी सांता मोनिका नावाचे सुमारे नव्वद हजार वस्तीचे शहर आहे. १९९६ च्या उन्हाळ्यापर्यंत या शहराने आपल्या पिण्याच्या पाण्याचे जवळजवळ निम्मे स्रोत स्वतःहून बंद केले. दुष्काळ नव्हता, पंप बिघडले नव्हते, विहिरींना पाणीही भरपूर होते. पण शहराच्या मुख्य विहिरी जिथे आहेत त्या चारनॉक भागातल्या पाण्यात एमटीबीई नावाचे रसायन उतरले होते. पेट्रोल नीट जळावे म्हणून ते त्या काळी पेट्रोलमध्ये मिसळत असत. १९९५ मध्ये ते पाण्यात पहिल्यांदा दिसले आणि पुढे त्याचे प्रमाण ६१० पीपीबीपर्यंत, म्हणजे लिटरमागे ६१० मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. टर्पेंटाइनसारख्या वासाचे हे रसायन इतके उग्र असते, की चव आणि वास बिघडू नये म्हणून कॅलिफोर्नियाने त्याची मर्यादा ५ पीपीबी ठरवली.

शोध सुरू झाला तेव्हा तपासणाऱ्यांनी विहिरींभोवती सव्वा मैल त्रिज्येचा परीघ आखला. त्या परिघात चालू पेट्रोलपंप होते, बंद पडलेले पंप होते, जमिनीखालून गेलेल्या तेलवाहिन्या होत्या. कुठून किती गळले हे ठरवायचे तर प्रत्येक संशयित जागेभोवती जमिनीत बारीक विहिरी घ्यायच्या आणि त्यांतले पाणी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे तपासत राहायचे, एवढाच मार्ग होता. चारनॉकचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून पुन्हा शहराच्या नळांना यायला २०११ साल उजाडले. मधली पंधरा वर्षे शहराने आपली बरीचशी गरज बाहेरून विकत घेतलेल्या पाण्यावर भागवली.

पाणी तपासत राहण्याचे हे काम बाहेरून अगदी कंटाळवाणे दिसते. त्याची बातमी होत नाही. पण पेट्रोलची टाकी जमिनीतून उकरून काढल्यावर तिच्या जागी काय उरले आहे, हे दुसऱ्या कुठल्याही उपायाने कळत नाही. म्हणून हे काम नेमके कसे चालते ते सविस्तर पाहू. त्याआधी या टाक्या जमिनीखाली आल्या कशा आणि गळू लागल्या कशा, ते थोडक्यात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी झपाट्याने वाढल्या आणि नाक्यानाक्यावर पेट्रोलपंप आले. आगीचा धोका नको म्हणून टाक्या जमिनीखाली पुरल्या गेल्या. त्या साध्या पोलादाच्या, एकपदरी असत. मातीतली ओल आणि क्षार यांनी त्यांना बाहेरून गंज चढे. टाकीपेक्षाही तिला जोडलेले पाइप आणि सांधे आधी निकामी होत. दिवसाला चार लिटर पेट्रोल झिरपले तर वर्षाला जवळपास दीड हजार लिटर होते. पण रोज हजारो लिटरची उलाढाल असलेल्या पंपावर चार लिटरची तूट हिशेबात सापडत नाही. उन्हाने पेट्रोल फुगते, थंडीने आकसते, थोडे उडून जाते. मोजपट्टीच्या चुकीत चार लिटर सहज लपतात.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गावोगावच्या विहिरींना पेट्रोलचा वास येऊ लागला, तेव्हा या टाक्यांकडे लक्ष गेले. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. १९८६ मध्ये गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर लावून गळत्या टाक्यांच्या सफाईसाठी निधी उभा केला. १९८८ मध्ये सविस्तर नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला, बदलायला किंवा बंद करायला दहा वर्षांची मुदत मिळाली. ती २२ डिसेंबर १९९८ रोजी संपली. त्या काळात लाखो टाक्या उकरून काढल्या गेल्या. अनेक ठिकाणी गळती उघडकीस आली ती टाकी क्रेनने वर उचलल्यावरच, खड्ड्यातली काळपट निळसर माती आणि तिचा वास यांमुळे. आजवर त्या देशात साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे.

टाकी उचलली, आजूबाजूची वासाची माती काढून नेली, खड्डा स्वच्छ मुरमाने भरला, वर डांबर घातले, की जागा साफ दिसते. पण पेट्रोल मुळात टाकीच्या तळाशी थांबलेलेच नसते. ते मातीच्या कणांमधून सरळ खाली उतरत जाते. तुपाचे भांडे उपडे केले तरी आतून तूप चिकटून राहते, तसे वाटेतल्या प्रत्येक कणाला थोडे थोडे पेट्रोल चिकटून राहते. ते ना वाहते, ना पंपाने निघते. उरलेले पेट्रोल भूजलाच्या पातळीला पोहोचले की पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तिथे तरंगू लागते आणि आडवे पसरते. पाऊसपाण्याबरोबर भूजलाची पातळी वर-खाली होते, तेव्हा हा तरंगता थर तिच्याबरोबर वर-खाली होत मातीच्या जाड पट्ट्यात लिंपला जातो. पावसाळ्यानंतर हा पट्टा पाण्याखाली जातो, उन्हाळ्यात उघडा पडतो. काही भाग वायुरूपाने वर येतो आणि इमारतींच्या तळघरांत शिरू शकतो. आणि काही भाग पाण्यात विरघळून पाण्याबरोबर चालू लागतो. विहिरींना धोका असतो तो मुख्यतः या विरघळलेल्या भागाचा.

यातला सर्वांत घातक घटक म्हणजे बेंझिन. त्यामुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा ५ पीपीबी आहे, कॅलिफोर्नियात १ पीपीबी. जागतिक आरोग्य संघटनेने १० पीपीबी ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. हे आकडे किती लहान आहेत ते साध्या गणिताने कळते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम. त्यात एक टक्का बेंझिन धरले तर सात ग्रॅमच्या थोडे वर भरते. तेवढे बेंझिन पाण्यात सारखे मिसळले तर जवळपास पंधरा लाख लिटर पाणी ५ पीपीबीच्या मर्यादेला पोहोचते. एका लिटरमधला फक्त एक टक्का एवढे करू शकतो. वर्षाला दीड हजार लिटर झिरपणाऱ्या टाकीचा गुणाकार वाचकांनी स्वतः करून पाहावा.

आता निरीक्षण विहिरीकडे वळू. ही आपल्या ओळखीची विहीर नव्हे. जमिनीत यंत्राने घेतलेल्या भोकात साधारण दोन किंवा चार इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप सोडलेला असतो. पाइपच्या खालच्या भागाला केसासारख्या बारीक फटी पाडलेल्या असतात. त्या भागाभोवती धुतलेली, एकसारख्या कणांची वाळू भरतात, म्हणजे पाणी आत येते आणि गाळ बाहेर राहतो. वाळूच्या वर बेंटोनाइट नावाच्या फुगणाऱ्या चिकणमातीचा बूच, त्याच्या वर सिमेंट. हा बूच नीट बसला नाही तर पावसाचे आणि रस्त्यावरचे पाणी पाइपाच्या कडेने खाली उतरते आणि विहीर भलतेच उत्तर देते. वर, रस्त्याच्या पातळीला, बोल्ट लावलेले लोखंडी झाकण. शहरात चालताना अशा झाकणांवरून माणसे रोज जातात आणि खाली काय आहे याची त्यांना कल्पना नसते.

फटी असलेला भाग किती खोलीवर ठेवायचा, यावर सगळे अवलंबून असते. पेट्रोल तरंगते, म्हणून फटी भूजलाच्या पातळीच्या थोड्या वर आणि थोड्या खाली अशा दोन्हीकडे असायला हव्यात. विहीर कोरड्या वर्षात घेतली आणि पुढे चांगला पाऊस होऊन पाणी फटींच्या वर चढले, तर तरंगते पेट्रोल विहिरीत शिरूच शकत नाही. बाहेर पाइपाला पेट्रोल टेकलेले असते आणि आतला नमुना बरा येतो. उलट, फटींचा भाग फार लांब ठेवला तर वरचे दूषित आणि खालचे स्वच्छ पाणी एकत्र होऊन आकडा पातळ होतो. म्हणून अनुभवी भूजलशास्त्रज्ञ अहवालातला बेंझिनचा आकडा वाचण्याआधी विहिरीची खोली, फटींची जागा आणि त्या दिवशीची पाणीपातळी पाहतो. या तीन गोष्टी ज्या अहवालात नाहीत त्याच्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

एका विहिरीने काहीच ठरत नाही. पाणी कोणत्या दिशेने जाते हे कळायला किमान तीन विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत नसाव्या लागतात. प्रत्येक पाइपाच्या तोंडावर उत्तरेकडच्या बाजूला एक खूण केलेली असते आणि तिची उंची सर्वेक्षकाने काही मिलिमीटरच्या अचूकतेने मोजून ठेवलेली असते. पाणी त्या खुणेपासून किती खाली आहे ते मोजले की तिन्ही ठिकाणची खरी पातळी मिळते आणि त्रिकोणावरून उतार काढता येतो. दोन विहिरींच्या पातळीत कधी कधी दोन-तीन सेंटिमीटरचाच फरक असतो. खूण चुकली, कुणी पाइपाचे तोंड कापून नीट केले आणि वहीत लिहिले नाही, तर नकाशावरचा बाण उलटा फिरतो आणि शोध चुकीच्या गल्लीत सुरू होतो.

नमुने घ्यायच्या दिवशी सगळ्यांत आधी सर्व विहिरींची झाकणे उघडून काही वेळ तशीच ठेवतात. आत कोंडलेल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेशी जुळला की पाणी आपल्या खऱ्या पातळीवर येते. मग फितीला जोडलेले मोजयंत्र आत सोडतात. त्याचे टोक पेट्रोलला लागले की एक आवाज, पाण्याला लागले की दुसरा. बहुतेक यंत्रांत पेट्रोलसाठी सलग सूर असतो आणि पाण्यासाठी तुटक. सलग सूर ऐकू आला तर त्या विहिरीतून विरघळलेल्या घटकांचा नमुना सहसा घेतच नाहीत, कारण पेट्रोलचा थरच तिथे हजर असतो. त्याची जाडी नोंदवतात. मात्र विहिरीत दिसणारी जाडी मातीतल्या जाडीपेक्षा बरीच जास्त असू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

विहिरींचा क्रमही ठरलेला असतो. आधी सर्वांत स्वच्छ, शेवटी सर्वांत दूषित. पाइपात साचून राहिलेले पाणी हवेच्या संपर्काने बदललेले असते, म्हणून ते आधी काढून टाकतात. दोन इंची पाइपात तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण सहा लिटर भरते. जुन्या पद्धतीत याच्या तिप्पट पाणी काढायचे, म्हणजे अठरा लिटर. आता अनेक ठिकाणी छोट्या पंपाने अगदी हळू, मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून कमी गतीने पाणी ओढतात आणि तापमान, पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू यांचे आकडे पाहत बसतात. लागोपाठ तीन वेळा आकडे जवळपास सारखे आले, की आता येणारे पाणी बाहेरच्या खडकातले आहे असे धरतात. काढलेले पाणी गटारात सोडायचे नाही, पिंपात भरून विल्हेवाटीला पाठवायचे.

मग येते ४० मिलिलिटरची काचेची कुपी. बेंझिन हवेत झटकन उडते. कुपीत हवेचा बुडबुडा राहिला तर बेंझिन पाण्यातून त्या बुडबुड्यात जाते आणि प्रयोगशाळेला कमी सापडते. म्हणून पाणी कुपीच्या काठावर फुगून उभे राहीपर्यंत, हळूहळू, भिंतीच्या कडेने भरतात. झाकण लावून कुपी उलटी करतात, तळहातावर टिचकी मारून पाहतात. बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद. कुपीत आधीच हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घातलेले असतात, नाहीतर वाटेत जिवाणू बेंझिन खात राहतात. मग बर्फाची पेटी, सोबत कुणाकडून कुणाकडे नमुना गेला याचा सहीनिशी कागद, आणि चौदा दिवसांच्या आत तपासणी.

या पेटीत शुद्ध पाण्याची एक बंद कुपी मुद्दाम ठेवलेली असते. ती प्रयोगशाळेतून निघते, दिवसभर नमुन्यांबरोबर फिरते आणि न उघडता परत येते. तिच्यात बेंझिन सापडले तर दोष विहिरीचा नाही, प्रवासाचा आहे. नमुने घ्यायला जाताना वाटेत गाडीत पेट्रोल भरून घेतले, त्याच हाताने कुपी धरली, एवढेही पुरते. आपण लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम शोधत असतो, आणि पेट्रोल भरताना बोटाला लागलेला अंश त्याच्या कितीतरी पट असतो. चांगला तंत्रज्ञ आदल्या दिवशीच टाकी भरून ठेवतो.

एवढा खटाटोप करून जो आकडा येतो, त्याचा एकट्याचा उपयोग फारसा नसतो. समजा मार्चमध्ये एका विहिरीत बेंझिन ४०० पीपीबी होते आणि सप्टेंबरात ९० आले. प्रदूषण ओसरले का? कदाचित. पण मधल्या काळात पाणीपातळी दोन मीटर खाली गेली असेल, तर पेट्रोलने लिंपलेला मातीचा पट्टा कोरडा पडला, पाण्याचा त्याच्याशी संबंध सुटला आणि आकडा घसरला, असेही होते. पाऊस पडून पाणी पुन्हा त्या पट्ट्यात चढले की ४०० परत येतात. म्हणून पहिल्या काळात तरी दर तीन महिन्यांनी नमुने घेण्याची पद्धत आहे, आणि किमान सगळे ऋतू हाताशी आल्याशिवाय बोलू नये असा संकेत आहे. नमुन्यांची मालिका आठ-दहा फेऱ्यांची झाली की संख्याशास्त्र मदतीला येते. मान-केंडॉल नावाची कसोटी आकडे किती मोठे याकडे पाहतच नाही. नंतरचा प्रत्येक आकडा आधीच्या प्रत्येक आकड्यापेक्षा वर आहे की खाली, एवढेच ती मोजते आणि उतरण खरी की योगायोगाची ते सांगते. पंपाने पाणी उपसून शुद्ध करण्याचे काम चालू असेल, तर पंप बंद केल्यानंतरचे वर्ष सर्वांत महत्त्वाचे. पंप चालू असताना बेंझिन खाली येते, बंद केला की मातीला चिकटलेले पेट्रोल पुन्हा विरघळू लागते आणि आकडा उसळी घेतो.

या कामात माणसाचे सर्वांत मोठे साहाय्यक जमिनीतच असतात. मातीतले जिवाणू बेंझिन आणि त्याचे भाऊबंद खातात. सुरुवातीला ते प्राणवायू वापरतात. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार होऊ लागतो. त्यामुळे विरघळलेले पेट्रोल पाण्याबरोबर जिथवर पसरले आहे त्या दूषित पट्ट्याच्या मध्यावरच्या विहिरीत प्राणवायू जवळपास शून्य, सल्फेट कमी, विरघळलेले लोह आणि मिथेन जास्त असे चित्र दिसते. केवळ बेंझिन कमी झाले म्हणून समाधान मानू नये. हे बाकीचे आकडेही तीच कहाणी सांगत असतील तर बेंझिन खरोखर नष्ट होते आहे. नाहीतर ते फक्त पुढे सरकले असण्याची शक्यता उरते.

जिवाणूंच्या या कामाची व्याप्ती १९९५ मध्ये स्पष्ट झाली. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने राज्यातल्या गळत्या टाक्यांचे जुने निरीक्षण-अहवाल एकत्र केले. पुरेशी माहिती असलेली २७१ ठिकाणे निवडली. त्यांत जवळपास नव्वद टक्के ठिकाणी बेंझिनचा पट्टा अडीचशे फुटांच्या आसपास किंवा त्याआधीच थांबलेला आढळला. म्हणजे बहुतेक ठिकाणी निसर्गच प्रदूषणाला आळा घालत होता आणि प्रचंड खर्चाच्या उपसा-यंत्रणांनी त्यात फार भर पडत नव्हती. निष्कर्ष असा, की मूळ स्रोत काढा, लक्ष ठेवा, आणि जिवाणूंना काम करू द्या. हा निष्कर्ष कित्येक वर्षांच्या रटाळ त्रैमासिक नोंदींतून निघाला होता. त्या नोंदी कुणी नेटाने ठेवल्या नसत्या तर हे कधीच कळले नसते.

आणि त्याच वर्षी चारनॉकच्या विहिरींत एमटीबीई सापडले. बेंझिनबद्दल जे खरे होते ते एमटीबीईला लागू नव्हते. एमटीबीई पाण्यात बेंझिनच्या पंचवीस-तीस पट विरघळते, मातीला चिकटत नाही, पाण्याच्या वेगानेच पुढे जाते, आणि जिवाणू त्याला सहजी हात लावत नाहीत. शिवाय त्याचे प्रमाण पेट्रोलमध्ये एक टक्का नव्हते, साधारण अकरा टक्के होते. १९९० च्या हवा-शुद्धता कायद्याने पेट्रोलमध्ये प्राणवायूयुक्त घटक घालणे अनेक शहरांत सक्तीचे केले होते. हवा स्वच्छ करण्याचा हेतू चांगलाच होता. पण हेच रसायन गळक्या टाकीतून पाण्यात गेले तर काय, याचा विचार तेव्हा पुरेसा झाला नाही. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक तीच.

न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर ईस्ट पॅचोग इथे याची दुसरी बाजू दिसली. तिथल्या एका पंपाच्या टाक्यांतून गळलेले पेट्रोल कळले ते दूरवरच्या खासगी विहिरीचे पाणी बिघडल्यावर. एमटीबीईचा पट्टा मैलभर लांब निघाला. विशेष म्हणजे तो जाता जाता खाली खाली उतरत गेला होता. वरून मुरणारे पावसाचे स्वच्छ पाणी त्याच्यावर थर धरत गेले आणि दूषित पाणी खोल दाबले गेले. भूजलाच्या वरच्या कडेला फटी असलेल्या निरीक्षण विहिरी तिथे घेतल्या असत्या तर त्यांत स्वच्छ पावसाचे पाणी सापडले असते, आणि दूषित पट्टा त्यांच्या बुडाखालून निघून गेला असता. अशा जागी वेगवेगळ्या खोलीवर फटी असलेल्या विहिरी जोडीजोडीने, शेजारी शेजारी घ्याव्या लागतात.

कॅलिफोर्नियाने २००३ अखेर एमटीबीईवर बंदी आणली आणि पुढे अमेरिकेतल्या पेट्रोलमधून ते जवळपास गेले. त्याची जागा इथेनॉलने घेतली. इथे आपला थेट संबंध येतो, कारण भारतातल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल जिवाणूंना अतिशय प्रिय. तेच ते आधी खातात आणि खाताना प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट संपवून टाकतात. बेंझिनच्या वाट्याला उपाशी जमीन येते आणि त्याचा पट्टा लांबू शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. जुन्या पेट्रोलवर आधारलेले अडीचशे फुटांचे गणित नव्या पेट्रोलला जसेच्या तसे लावता येणार नाही.

निरीक्षण कधी थांबवायचे, याचेही नियम आहेत. कॅलिफोर्नियाच्या २०१२ च्या धोरणात कमी धोक्याची प्रकरणे बंद करण्याचे निकष दिले आहेत. उदाहरणार्थ, दूषित पट्टा शंभर फुटांपेक्षा आखूड, तरंगते पेट्रोल शिल्लक नाही, आणि जवळची पिण्याची विहीर पट्ट्याच्या कडेपासून अडीचशे फुटांहून लांब. पट्टा स्थिर आहे किंवा आकसतो आहे हे दाखवावे लागते, आणि ते आकड्यांच्या मालिकेशिवाय दाखवता येत नाही. प्रकरण बंद झाले की निरीक्षण विहिरीही सिमेंटने भरून बुजवतात. उघड्या राहिल्या तर त्याच उद्या प्रदूषणाला खाली नेणारा रस्ता होतात.

हे सगळे शास्त्र मुख्यतः वाळू आणि गाळाच्या जमिनीवर घडले आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसॉल्टच्या थरांवर बसलेला आहे. इथे पाणी मुरमाच्या थरातून, खडकाच्या भेगांतून आणि दोन लाव्हा-थरांमधल्या सांध्यांतून वाहते. एका भेगेत पेट्रोल असेल आणि दहा फुटांवरच्या दुसऱ्या बोअरला त्याचा पत्ताही नसेल, असे इथे सहज शक्य आहे. तीन विहिरींच्या त्रिकोणातून काढलेला बाण भेग ज्या बाजूला जाते त्या बाजूला असेलच असे नाही. म्हणजे आपल्याला विहिरी कमी लागणार नाहीत, जास्त लागतील, आणि कुठे घ्यायच्या हे ठरवायला भेगांचा नकाशा आधी लागेल. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पाणी किती आहे याची अशी शिस्त आपल्याकडे रुजलेली आहे. पेट्रोलपंपांच्या जुन्या जागांभोवती पाण्यात काय आहे याचीही तशीच मालिका उभी राहिली पाहिजे. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात जमिनीखालच्या तेलवाहिनीतून झिरपलेले इंधन घरगुती विहिरींत आणि बोअरमध्ये आले. ते सांगितले तिथल्या रहिवाशांच्या नाकांनी, कोणत्याही निरीक्षण विहिरीने नव्हे.

आपल्या शहरांत रस्त्याकडेचे जुने पंप हटून त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. अशा जागेत घर घेणाऱ्यांना, तिथल्या सोसायट्यांना आणि शेजारच्या बोअरच्या मालकांना माझे सांगणे आहे. इथे पूर्वी पंप होता का, टाक्या कधी निघाल्या, खड्ड्यातली माती तपासली का, हे लेखी विचारा. बोअरच्या पाण्याला रॉकेल-पेट्रोलचा वास आला तर ते पिऊ नका आणि उकळूही नका, कारण उकळताना बेंझिन वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरते. तारीख आणि पाणीपातळी लिहून ठेवा, स्थानिक प्रशासनाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. आणि कुणी एका दिवसाचा, ‘काही आढळले नाही’ असा अहवाल पुढे केला, तर विहिरीची खोली, फटींची जागा आणि पाणीपातळी विचारा, आणि पावसाळ्यापूर्वीचा, पावसाळ्यानंतरचा व पुढच्या वर्षीचाही अहवाल मागा.